मिलचा तो उदास हिवाळा

जॉन स्टुअर्ट मिल हे नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते ते १८४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अर्थशास्त्रावरील महाग्रंथामुळे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला, १८५९ सालच्या स्वातंत्र्यावरील निबंधामुळे. महाराष्ट्रातील सुधारणेच्या इतिहासाचा वाचक त्याला ओळखतो तो आगरकरांच्या विचारांवर ज्यांचा गाढ ठसा उमटला अशा तत्त्ववेत्त्यांपैकी एक म्हणून. परंतु हे सारे कार्य ज्याच्या हातून घडले, त्या माणसाला वयाच्या विसाव्या वर्षी काहीही करावे असे वाटेनासे झाले होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

मिलचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील जेम्स मिल हे ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहिणारे विद्वान आणि उपयुक्ततावादाचे प्रणेते जेरेमी बेंथॅम यांचे निकटचे सहकारी. थोरल्या मुलाला शाळेत न घालता त्यांनी घरीच शिकविले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन आणि तेराव्या वर्षी रिकार्डो व ॲडम स्मिथ, असा तो क्रम होता. समवयस्क मुलांचा सहवास जाणूनबुजून टाळला गेला. धाकट्या भावंडांना शिकविण्याची जबाबदारी मात्र अंगावर पडली. सतराव्या वर्षी, १८२३ साली, तो वडिलांच्याच हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीस लागला. विश्लेषणात त्याची बुद्धी तरबेज झाली होती. भावनेच्या मशागतीला मात्र त्या अभ्यासक्रमात स्थान नव्हते.

१८२६ च्या शरद ऋतूत त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला. ज्या सुधारणांसाठी आपण धडपडतो, त्या सर्व या क्षणी घडून आल्या तर आपल्याला आनंद होईल काय? अंतर्मनाने निःसंदिग्ध नकार दिला आणि ज्या पायावर आयुष्य उभे होते तो पायाच खचला.

बेंथॅमच्या शिकवणीनुसार मनुष्य सुखदुःखाचा हिशेब मांडून वागतो. अर्थशास्त्राने गृहीत धरलेला मनुष्यही असाच हिशेबी असतो. मिलच्या हिशेबात चूक नव्हती. लोककल्याण इष्ट आहे हे त्याला त्याही दिवशी पटत होते. परंतु पटणे आणि वाटणे यांना जोडणारा दुवा तुटला होता. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला कर्तव्याची यादी वाचून दाखविण्याचा उपयोग का होत नाही, याचे उत्तर या एका अनुभवात सापडते.

१८२६-२७ चा तो हिवाळा त्याने कसाबसा काढला. झोपेने मन हलके होईना, आवडते ग्रंथ नीरस झाले. तरीही कचेरीतील काम आणि वादसभेतील भाषणे थांबली नाहीत. त्यांत उत्साह नव्हता. केवळ सवयीच्या बळावर ती यंत्रवत चालू राहिली. असे आयुष्य वर्षभराहून अधिक काळ सोसणे आपल्याला शक्य होणार नाही, असे त्याला वाटू लागले होते. वडिलांपाशी मन मोकळे करणे तर अशक्यच होते. आपले शिक्षण ही त्यांच्या आयुष्यातील मोठी कामगिरी. ती फसली हे त्यांना सांगून दुःख कशाला द्यावे, असा विचार करून मुलगा गप्प राहिला.

सुमारे सहा महिन्यांनी अंधारात पहिली फट पडली, तीही अनपेक्षितपणे. मार्माँतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना एक प्रसंग आला. वडिलांच्या मृत्यूने कुटुंब उघडे पडते आणि लहानगा मुलगा सर्वांचा आधार होण्याचा निश्चय करतो. ते वाचताना मिलच्या डोळ्यांत अश्रू आले. आपण लाकडाचे किंवा दगडाचे झालेलो नाही, एवढी खात्री त्या अश्रूंनी दिली. पुढे १८२८ मध्ये वर्ड्सवर्थच्या कवितेने त्याला निसर्गात आणि शांत चिंतनात रमण्याची वाट दाखविली.

या अनुभवातून त्याने दोन निष्कर्ष काढले. सुख हेच थेट ध्येय केले की ते निसटते. स्वतःबाहेरच्या एखाद्या कामावर मन जडले, तर ते वाटेत भेटते. दुसरे असे की, बुद्धीइतकीच भावनेचीही जोपासना करावी लागते. उपयुक्ततावाद त्याने सोडला नाही, पण त्याला अधिक माणुसकीचे रूप दिले.

तो कायमचा बरा झाला असे मात्र नाही. उदासी पुढेही परतून येत राहिली. १८३६ साली वडील गेले, त्या सुमारास प्रकृती ढासळली आणि एका डोळ्यावरची स्फुरणे जन्मभर राहिली. तरीही याच मनाने त्याने १८४३ साली तर्कशास्त्रावरील ग्रंथ पुरा केला, १८५८ पर्यंत कंपनीची नोकरी केली, आणि पार्लमेंटचा सभासद असताना १८६७ साली स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली, पण तिच्या बाजूने ७३ मते पडली. हिंदी लोकांना स्वराज्याचा अधिकार लगेच देण्यास तो तयार नव्हता, ही त्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ७ मे १८७३ रोजी ॲव्हिन्यों येथे तो निवर्तला. त्याच वर्षी निघालेल्या आत्मचरित्रात त्या हिवाळ्याची हकीकत त्याने संकोच न करता नोंदवून ठेवली होती.

एका पुस्तकाने प्रत्येकाचे नैराश्य फिटेल असा अर्थ यातून कोणी काढू नये. नैराश्य हा आजार आहे आणि आज त्यावर डॉक्टरांचे उपचार उपलब्ध आहेत. मिलच्या काळी ते नव्हते. परंतु स्पर्धा परीक्षेच्या शर्यतीत मुलांना लहानपणापासून जुंपणाऱ्या आपल्या घरांनी त्याच्या चरित्रातील एक गोष्ट विसरू नये. रोज त्याच कचेरीत शेजारी काम करणाऱ्या, मुलासाठी वर्षानुवर्षे खपलेल्या बापाला मुलाचे दुःख कळले नाही. आणि सारे काही शिकलेल्या मुलाला, ते दुःख बापाला कसे सांगावे, एवढेच कोणी शिकविले नव्हते.