रोपवाटिका ते रानवाटा : डॉ. अलेक्झांडर गिब्सन



पोशीरच्या शिवारात उन्हाळ्यात राब भाजताना तुम्ही पाहिलंच असेल. भाताच्या रोपासाठी ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात. त्या फांद्या तोडायच्या की नाही, यावरून आपल्या भागातले शेतकरी आणि जंगल खातं यांचं भांडण फार जुनं आहे. मुंबई इलाख्यात ते खातं ज्यांच्यापासून सुरू झालं, त्या माणसाची ही ओळख.

डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचा जन्म 1800 साली स्कॉटलंडमध्ये झाला. वैद्यकी शिकून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले. दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मराठी, गुजराती त्यांनी शिकून घेतली. गावोगाव हिंडून, लोकांशी बोलून काम करायची सवय त्यांना इथेच लागली असावी, असं मला वाटतं.

1838 साली पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग त्यांच्याकडे आली. विलायतेहून येणारी औषधं महाग पडत. गिब्सन यांनी औषधी झाडं बागेतच वाढवली आणि त्यांची औषधं सरकारी दवाखान्यांना पुरवली. अडचण आली की आधी हाताशी काय आहे ते बघायचं, ही त्यांची रीत!

1847 मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जहाजांना साग हवा होता, पुढे 1853 मध्ये रेल्वे आली आणि लाकडाची मागणी आणखी वाढली. नुसते पहारेकरी वाढवून भागलं असतं का? गिब्सन डोंगरच हिंडले. झाडं गेली तिथे झरे आटतात, माती वाहून खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी सरकारला लिहून कळवलं. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे सांगणारे अधिकारी मोजकेच होते.

पण एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. डोंगरउतारावर झाडं जाळून नाचणी-वरी पिकवायची रीत त्यांना जंगलाचा नाश वाटली, आणि तिथे त्यांनी बंदीचीच बाजू घेतली. कातकरी, ठाकर यांचं पोट त्याच दळीवर होतं. झऱ्याचं दुखणं ओळखणाऱ्या डॉक्टरांना या माणसांचं दुखणं तेवढं दिसलं नाही. पुढे नियम आणखी कडक झाले. राबाच्या फांद्यांवरून ठाणे-कुलाबा भागात इतका असंतोष माजला की 1885 मध्ये सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. आपलं कर्जतही तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं.

1860 साली गिब्सन निवृत्त झाले. डाल्झेल यांच्यासोबत लिहिलेला मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा त्यांचा ग्रंथ 1861 मध्ये निघाला, आणि 1867 मध्ये ते वारले. दापोडीच्या बागेतली झाडं त्यांनी एका चित्रकाराकडून रंगवून घेतली होती. ती चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र त्यांवर नाही.