कर्मवीर भाऊराव पाटील

रयतेच्या दारी विद्येची गंगा नेणाऱ्या कर्मवीरांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. त्या काळी शेतकऱ्याचे मूल गुरांमागे वाढे. शाळा दूर, आणि परगावी राहून शिकण्याइतका पैसा घरी नसे. ही अडचण ओळखून त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह निघाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत आणि श्रम करून शिकत. त्यांच्या मुखी घास पडावा म्हणून पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. पण कार्य थांबले नाही.

खेड्यास शाळा हवी तर आधी शिक्षक हवा, म्हणून १९३५ साली साताऱ्यास अध्यापन विद्यालय सुरू झाले. १९३८ पासून शाळा नसलेल्या गावी त्यांनी एकेक व्हॉलंटरी शाळा काढली. पुढे अशा शाळांची संख्या पाचशेंवर गेली. १९४८ साली सरकारी अनुदान बंद झाले, तेव्हा रयतेच्या मदतीवर संस्था तगली. अनुदान नंतर पूर्ववत् झाले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले.

ज्ञातीच्या निधीतून विद्यार्थ्यांस साह्य करताना आपण हे चरित्र स्मरावे. पंक्तीत शेजारी बसलेल्या मुलाची जात त्यांनी कधी विचारली नाही.