विश्लेषण : फुटकी नळी, तीन काडतुसे आणि चंपावतची वाघीण... जिम कॉर्बेट यांच्या बंदुकांची गोष्ट काय सांगते?

नरभक्षक वाघांचा कर्दनकाळ आणि पुढे वाघांचा कैवारी, अशी जिम कॉर्बेट यांची ओळख मराठी वाचकांना अनुवादांतून झालेली आहे. त्यांचे धाडस सर्वांना ठाऊक असते. पण त्यांच्या हातातली बंदूक कशी होती, तिच्यात दारू किती भरली होती, काडतूस कोणते होते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. खरे तर त्यांच्या आयुष्यातले कित्येक प्रसंग याच तपशिलांवर फिरले. आणि त्यांनी मारलेले अनेक नरभक्षक कोणाच्या तरी चुकलेल्या गोळीतूनच तयार झाले होते.

बंदूक हातात कशी आली?

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये झाला. वडील ख्रिस्तोफर तिथले पोस्टमास्तर. १८८१ मध्ये ते वारले आणि भल्या मोठ्या कुटुंबाचा भार आई मेरी जेन यांच्यावर आला. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत पायथ्याचे कालाढुंगी, असे या घराचे वेळापत्रक. कालाढुंगीला जंगल अंगणाला लागूनच होते. मुलगा आधी बेचकी घेऊन हिंडला, मग धनुष्य आले आणि मग एक दुनळी ठासणीची बंदूक. कुमाऊंमधील पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका नातलगाने पक्ष्यांचे नमुने गोळा करण्यासाठी ती या मुलाला दिली होती.

ही बंदूक धड नव्हती. कोणीतरी पूर्वी तिच्यात वाजवीपेक्षा जास्त दारू ठासली होती, त्यामुळे उजवी नळी फाटली होती. दस्ताही मोडलेला. नळ्या आणि दस्ता पितळी तारेचे वेढे देऊन एकत्र बांधलेले होते. वापरायची ती फक्त डावी नळी. जेमतेम आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात अशी बंदूक आज कोणी देणार नाही. पण दारू जास्त झाली तर काय होते, याचा पुरावा या मुलाच्या हातात रोज होता.

ठासणीच्या बंदुकीत धोका कुठे असतो?

कोकणात अजूनही ठासणीची बंदूक हा शब्द जुन्या माणसांच्या बोलण्यात येतो. तिला तयार काडतूस नसते. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर चिंधी किंवा तत्सम बोळा घालून गजाने ठासायचा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा. मागच्या बाजूला निपलवर टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते. म्हणजे प्रत्येक बार हा हाताने भरलेलाच असतो, आणि भरणारा चुकला तर ती चूक नळीतच राहते.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळली की धूर आणि काजळी भरपूर होते, पण दाब आधुनिक दारूच्या मानाने कमी असतो. तरीही प्रमाण दुप्पट झाले, किंवा आधीचा बार भरलेला असताना त्यावर दुसरा भरला, तर नळी फाटते. गोळी दारूवर पूर्ण न बसता मध्येच अडकून राहिली तरी तेच. शिवाय आदल्या बाराची ठिणगी नळीत धुमसत असेल, तर नवी दारू ओतताना ती हातातच पेटू शकते. म्हणून जाणते लोक थेट भांड्यातून नळीत दारू ओतत नाहीत. आधी मापात घेतात, मग ओततात.

पुढे नैनितालच्या स्वयंसेवक दलातील कॅडेटांबरोबर मुलाने नेमबाजी करून दाखवली आणि तिथल्या सार्जंट मेजरने त्याला .४५० मार्टिनी रायफल वापरायला दिली. अटी दोनच. रायफल स्वच्छ ठेवायची आणि झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या परत आणायच्या. काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि एका रात्रीत नळी गंजू लागते, हे लक्षात घेतले तर पहिली अट किती शहाणपणाची होती ते कळते. या रायफलीचा धक्का लहान खांद्याला झेपणारा नव्हता. तरी पहिला बिबट्या मुलाने तिनेच मारला.

चंपावतमध्ये काय घडले?

शाळा संपल्यावर कॉर्बेट रेल्वेत लागले. बिहारमध्ये गंगेकाठच्या मोकामा घाटावर मालाची चढउतार करून घेण्याचे कंत्राट त्यांनी वीसहून अधिक वर्षे सांभाळले. नरभक्षकांच्या मागे ते जायचे ते सुट्टी काढून.

१९०७ मध्ये चंपावतला गेले तेव्हा या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी होते. त्यांपैकी २०० नेपाळमधले, बाकीचे कुमाऊंमधले. तहसीलदाराने हाक्यासाठी गावोगावची माणसे बोलावली. परवाना नसलेल्या बंदुका आणल्या तरी त्याकडे काणाडोळा करू, वर दारूगोळाही देऊ, असे आश्वासन त्याने दिले होते. २९८ माणसे जमली. कोणाकडे काय होते याची कल्पनाच केलेली बरी.

कॉर्बेट यांच्याकडे .५०० बोअरची दुनळी कॉर्डाइट रायफल होती आणि काडतुसे फक्त तीन. दोनपेक्षा जास्त बार मिळणारच नाहीत, तिसरे अडीअडचणीला, असा त्यांचा हिशेब. तो चुकला. पहिला बार वाया गेला, पुढचे दोन लागले, पण वाघीण पडली नाही. ती वळून उभी राहिली आणि रायफल रिकामी. कॉर्बेट धावत तहसीलदाराकडे गेले, त्याची बंदूक हिसकावून परतले. वाघीण जेमतेम वीस फुटांवर असताना त्यांच्या लक्षात आले की या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात जवळपास एक सेंटिमीटरची फट आहे.

ही फट का महत्त्वाची? काडतूस उडते तेव्हा दाब सर्व बाजूंनी असतो. पितळी किंवा कागदी पुंगळीला मागून पोलादाचा भक्कम टेकू असेल तरच वायू गोळीला पुढे ढकलतो. टेकूच नसेल तर पुंगळी मागे सरकते, फाटते आणि तापलेला वायू थेट नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. बंदूक फुटेल किंवा आपण आंधळे होऊ, हे कॉर्बेट यांना कळत होते. तरी त्यांनी चाप ओढला. जबड्यावर धरलेला नेम चुकून गोळी पंज्याला लागली. वाघीण आधीच्या जखमांनी शेवटच्या घटका मोजत होती, तेवढ्याने ती कोसळली.

हा प्रसंग शौर्याचा म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. पण शिकारीच्या शिस्तीच्या दृष्टीने पाहिले तर त्यात दोन ढोबळ चुका आहेत, मोजकी काडतुसे आणि न तपासलेली बंदूक. कॉर्बेट यांनी दोन्ही गोष्टी स्वतःच लिहून ठेवल्या, म्हणूनच आपल्याला त्या माहीत आहेत.

वाघीण पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. तिचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. जुन्या गोळीची ती जखम होती. नेहमीची शिकार धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली. म्हणजे कोणा अनोळखी शिकाऱ्याचा एक बार चुकला आणि त्याची किंमत शेकडो घरांनी मोजली.

काळ्या दारूतून कॉर्डाइटकडे जाताना धोका का वाढला?

कॉर्बेट यांच्या तारुण्यातच बंदुकीची दारू बदलली. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांपासून बनलेले कॉर्डाइट १८८९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये तयार झाले. धूर नगण्य, वेग खूप जास्त आणि दाबही जास्त. काळ्या दारूसाठी घडवलेल्या जुन्या नळीत त्याच मापाने नवी दारू भरली तर नळी टिकत नाही. शिवाय कॉर्डाइट उन्हात तापले की दाब आणखी चढतो. इंग्लंडच्या थंडीत ठीक चालणारे काडतूस भारताच्या उन्हाळ्यात रायफलीत अडकून बसायचे. म्हणून इंग्रज कारागिरांनी उष्ण प्रदेशांसाठी दारू कमी केलेली वेगळी काडतुसे काढली आणि जड रायफलींची काडतुसे मुद्दाम मोठ्या पोटाची, कमी दाबाची ठेवली.

अमेरिकेसारख्या देशांत नेमबाज आजही घरी काडतुसे भरतात. पुंगळी, टोपी म्हणजे प्रायमर, दारू आणि गोळी हे चार भाग. नियम जुन्या ठासणीच्या बंदुकीचेच, फक्त काटेकोर. टेबलावर एका वेळी एकाच प्रकारची दारू ठेवायची, कारण पिस्तुलाची झटकन जळणारी दारू रायफलीच्या काडतुसात गेली तर घात होतो. दारू वजनकाट्यावर मोजायची. प्रकाशित तक्त्यातील किमान मापापासून सुरुवात करायची, कमालच्या पुढे जायचे नाही. टोपी चपटी होणे, रायफलीची खीळ जड जाणे ही दाब वाढल्याची लक्षणे दिसताच थांबायचे. आणि बार दबका वाजला तर दुसरा झाडण्याआधी नळी तपासायची, कारण दारू न पडलेल्या काडतुसाची गोळी नळीत अडकलेली असू शकते.

भारतात हा घरगुती छंद नाही. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ ने शिकारीवर बंदी आहे. माणसांच्या जिवावर उठलेला प्राणी असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन परवानगी देऊ शकतात.

पुढच्या शिकारींत काय बदलले?

चंपावतनंतर संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेट यांना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. हलकी, माउझर पद्धतीची, सुमारे ९ ग्रॅमची गोळी फेकणारी. वाघासाठी ही लहानच. पण डोंगरात दिवसभर वागवता येणारी आणि नेमकी. जवळच्या, अवघड सामन्यासाठी त्यांच्याकडे जेफ्रीची .४५०/४०० दुनळी होती. तिची गोळी याच्या जवळपास तिप्पट वजनाची.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे मारली. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेकरूंची वाट त्याने बंद पाडली होती. मे १९२६ च्या सुरुवातीला गोलाबराईच्या आंब्याच्या झाडावरून कॉर्बेट यांनी .२७५ ला बांधलेला विजेरी दिवा क्षणभर लावला, एक बार काढला आणि दिवा विझला. एकच गोळी, पण जागेवर लागली. या बिबट्याच्या मागच्या पायालाही जुन्या गोळीची खूण होती.

१९२९ मध्ये एका शिकारीत शेजारच्या माणसाची जबरदस्त रायफल कॉर्बेट यांच्या कानाजवळ उडाली. पडदा फाटला, आत गळू झाले. त्या अवस्थेतच ते तल्ला देसच्या नरभक्षक वाघिणीमागे गेले. त्या काळी कानात बोळे घालण्याची पद्धत नव्हती, आणि शिकाऱ्याला बहिरेपण यायचेच असे मानले जाई.

चौगढची वाघीण एप्रिल १९३० मध्ये मारली तो प्रसंग तर फुटांच्या हिशेबाचा. कॉर्बेट यांच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी, उजव्यात .२७५. खडकाला वळसा घातला तर वाघीण आठ फुटांवर. झटका मारला असता तर तिने झेप घेतली असती. त्यांनी एका हाताने नळी हळूहळू फिरवत आणली आणि बार काढला. सेफ्टी कॅच आधीच उघडलेला होता. एरवी बंद ठेवायचा कॅच धोक्याच्या वळणावर उघडायचा, हे तारतम्य कोणत्याही पुस्तकातून येत नाही. तिची नखे तुटलेली आणि पुढचे दात झिजलेले होते.

मग त्यांनी बंदूक ठेवली का?

एकदम नाही. १९३० मध्येच त्यांनी पोवलगढचा प्रचंड वाघ मारला, आणि तो नरभक्षक नव्हता. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी शिकारीही ठरवून दिल्या. त्यांचे चाहते हे सांगायला कचरतात. पण एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांची जंगलातील छायाचित्रे पाहिल्यापासून ते कॅमेऱ्याकडे वळत गेले. १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे त्यांचाही आग्रह होता. ठाकची वाघीण १९३८ मध्ये मारल्यावर त्यांनी नरभक्षकांची शिकार थांबवली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैनिकांना जंगलात टिकून राहण्याचे धडे दिले. १९४४ मध्ये पहिले गाजलेले पुस्तक आले. १९४७ मध्ये बहीण मॅगीसह ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे वारले. त्यानंतर हेली उद्यानाला त्यांचे नाव मिळाले आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात तिथूनच झाली.

.२७५ रायफल त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे, अनेक दशके होती. पुढे ती जिथे घडली त्या रिग्बी कंपनीकडे परत गेली. चंपावतचा उल्लेख असलेली छोटी पट्टी तिच्या दस्त्यावर अजून आहे.