फीबी ओमली : आकाशातील शिक्षिका

वैमानिक स्त्रीचे नाव विचारले, तर आपल्यापैकी बहुतेक जण अमेलिया इअरहार्टचे नाव घेतील. तिच्याच पिढीतील आणि त्या काळी अमेरिकेत गाजलेली फीबी ओमली आपल्याकडे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. मला स्वतःला फीबीचेच आकर्षण अधिक वाटते. विक्रम तिनेही केले. पण आयुष्याचा मोठा भाग तिने इतरांना उडायला शिकविण्यात आणि उडालेले सुखरूप खाली उतरावेत म्हणून धडपडण्यात घालविला.

१९०२ साली आयोवा राज्यात जन्मलेली ही मुलगी मिनेसोटात वाढली. हाती आलेल्या वारशाच्या पैशांतून तिने दागिने केले नाहीत. महायुद्धाच्या काळातले एक 'जेनी' विमान विकत घेतले! उडत्या विमानाच्या पंखांवर चालणे, हवाई छत्री घेऊन उडी मारणे असले खेळ ती करू लागली. १९२१ मध्ये १५,२०० फुटांवरून उडी घेऊन तिने स्त्रियांचा विक्रम केला. १९२२ मध्ये व्हर्नन ओमलीशी तिचा विवाह झाला. तो महायुद्धात लष्कराचा उड्डाणशिक्षक होता. पुढे हे दांपत्य टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी स्थायिक झाले आणि शिकवण्या करू लागले. (इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे कादंबरीकार विल्यम फॉकनर १९३३ मध्ये विमान चालवायला शिकला तो याच व्हर्ननकडे.)

अमेरिकन सरकारने वैमानिकांना परवाने देणे नुकतेच सुरू केले होते. १९२७ मध्ये व्यावसायिक वाहतुकीचा वैमानिक-परवाना मिळविणारी फीबी पहिली स्त्री ठरली. विमानाच्या मेकॅनिकचा परवानाही स्त्रियांत प्रथम तिनेच मिळविला. १९२९ च्या स्त्रियांच्या हवाई शर्यतीत हलक्या विमानांच्या गटात ती पहिली आली.

१९३२ मध्ये रूझवेल्ट यांच्या प्रचारासाठी तिने देशभर विमान फिरविले आणि पुढल्याच वर्षी तिला सरकारी नेमणूक मिळाली. तेथे तिने हाती घेतलेले काम मला फार आवडते. त्या काळच्या लहान विमानांत रेडिओ क्वचितच असे. वाट चुकलेला वैमानिक इंधन संपेतो भरकटत राही. यावर उपाय असा, की दर पंधरा मैलांच्या टप्प्यात एखाद्या उंच छपरावर बारा फुटी अक्षरांत गावाचे नाव रंगवावयाचे. १९३५ पासून या कामावर नेमलेल्या ब्लँश नॉइज, लुईझ थेडन इत्यादी साऱ्या स्त्री-वैमानिकच होत्या. पुढे महायुद्धात, शत्रूला वाट दिसू नये म्हणून, किनाऱ्यांजवळची हीच नावे पुसून टाकावी लागली!

५ ऑगस्ट १९३६ रोजी रात्री सेंट लुईसहून निघालेले एक प्रवासी विमान धुक्यात कोसळले. आतील आठही जण दगावले. त्यांत व्हर्नन होता. असंख्य माणसांना विमान शिकविणारा हा माणूस त्या दिवशी केवळ प्रवासी होता. फीबीने नोकरी सोडली आणि ती मेम्फिसला परतली.

पण तिने शिकविणे सोडले नाही. १९३७ मध्ये टेनेसीत सरकारी खर्चाने उड्डाणशिक्षण देणारा कायदा झाला, त्यामागे तिची मेहनत होती. पुढे देशभरच्या नागरी वैमानिक-शिक्षणाला हीच योजना आदर्श ठरली. १९४१ मध्ये ती पुन्हा केंद्र सरकारच्या सेवेत गेली. कृष्णवर्णी वैमानिक घडविणाऱ्या टस्कीगीसह ६६ उड्डाणशाळांच्या उभारणीचे श्रेय तिला देतात. युद्धाने पुरुष शिक्षक ओढून नेले, तेव्हा तिने दहा स्त्रियांना उड्डाणशिक्षिका म्हणून तयार केले.

१९५२ मध्ये तिने राजीनामा दिला. सरकारी नियमांचा विळखा लहान, खाजगी वैमानिकाचा गळा घोटील अशी तिची भीती होती. तिची तळमळ मला कळते, मत मात्र पटत नाही. १९५६ मध्ये ग्रँड कॅनियनवर दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळून १२८ माणसे मेली. दोन्ही विमाने परवानाधारक, अनुभवी वैमानिकांच्या हाती होती. आकाशात एवढी गर्दी झाल्यावर छपरावरची अक्षरे कोठवर पुरणार? १९५८ च्या कायद्याने नियंत्रण अधिकच कडक केले.

फीबीने मग गुरांचा मळा घेतला, पुढे एक उपाहारगृह चालविले. दोन्हीत खोट आली. १९७५ मध्ये इंडियानापोलिस येथे दारिद्र्यात तिचा अंत झाला. तिला मेम्फिसला, व्हर्ननच्या शेजारी पुरले. तेथील विमानतळाच्या नियंत्रण-मनोऱ्याला ओमली हे नाव मिळाले, ते १९८२ मध्ये.