अंध गणितीचा ताळा

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मोठ्या रकमा नव्या नाहीत. पण २,१४,७४,८३,६४७ हा आकडा कोणाच्या येण्यादेण्याचा नाही. २ चा ३१ वा घात करून त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला निःशेष भाग जात नाही. हे सिद्ध केले लिओनार्ड ऑयलरने, आणि तेही दृष्टी गेल्यावर.

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलानेही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. पण योहान बर्नुली या गणितज्ञाने मुलाची बुद्धी ओळखून त्यांचे मन वळवले. १७२७ मध्ये ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत दाखल झाला. तिशीच्या सुमारास त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ पासून पंचवीस वर्षे बर्लिनमध्ये काढून १७६६ साली तो पीटर्सबर्गला परतला, तो डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू झाला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसले, पुन्हा अंधार झाला. त्याच वर्षी राहते घरही आगीत जळाले.

तरीही काम थांबले नाही. ऑयलर मनात गणित मांडी. मुले व शिष्य ते उतरवून घेत.

मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये या प्रकारच्या मूळ संख्यांची यादी दिली होती. आपली संख्या तीत होती, पण सिद्धता नव्हती. नुसत्या विश्वासावर चालण्यासारखे नव्हते, कारण २ चा ६७ वा घात वजा १ ही यादीतलीच संख्या पुढे मूळ नाही असे ठरले. ताळा करायचा तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, चार हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. ऑयलरने दाखवले की मूळ भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. या चाळणीतून शंभराहूनही कमी मूळ संख्या उरतात. त्यांतल्या एकीनेही भाग जात नाही, हे त्याने १७७२ मध्ये पत्राने कळवले. ते पत्र त्याच योहान बर्नुलीच्या नातवाला होते. तेव्हा ऑयलर पासष्टीला आला होता.

पुढे अनेक दशके याहून मोठी मूळ संख्या कोणाला सापडली नाही. आज ३२ बिटांच्या संगणकात चिन्हासह मावणारी सर्वांत मोठी पूर्णांक संख्या हीच आहे.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलरचे निधन झाले. ताळेबंदात दोन रुपयांचा फरक राहिला की आम्ही कंटाळून वही मिटतो. ऑयलरला तर वही दिसतच नव्हती. पण हिशेब त्याने पुरा केला.