बळवंत पांडुरंग किर्लोस्कर

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, ३१ मार्च १८४३, मृत्यू : २ नोव्हेंबर १८८५) हे मराठी नाटककार, पदकर्ते, नट आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचे संस्थापक होते. लोकांच्या कानांवर आधीपासून असलेल्या चालींवर नवी पदे रचून त्यांनी जुन्या पौराणिक कथा रंगभूमीवर आणल्या. मराठी संगीत नाटकाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

पार्श्वभूमी

किर्लोस्करांचा जन्म झाला त्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, विष्णुदास भावे यांनी सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग केला. या परंपरेतील नाटकांत सर्व पदे सूत्रधार गात असे आणि पात्रे आयत्या वेळी सुचतील तशी भाषणे करीत. आरडाओरड करीत येणारे राक्षस आणि त्यांची युद्धे हे या खेळांचे मोठे आकर्षण होते. त्यामुळेच पुढे त्यांना ‘अलल्डुर्र’ नाटके असे थट्टेचे नाव पडले. राक्षसवधाच्या कथा मराठी मुलखात स्थळमाहात्म्यांतूनही रुजलेल्या होत्या. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराशी व तेथील दैत्यसूदन मंदिराशी जोडलेली लवणासुराची कथा हे त्याचे परिचित उदाहरण होय. प्रेक्षकांना कथानक आधीच ठाऊक असे. उत्सुकता असे ती सादरीकरणाची.

जीवन

अण्णासाहेबांचे जन्मगाव गुर्लहोसूर हे बेळगाव परिसरातील असल्याने मराठी व कानडी या दोन्ही भाषा व त्यांतील गीते त्यांच्या परिचयाची होती. शिक्षणासाठी ते कोल्हापूर, धारवाड व पुणे येथे राहिले. मात्र नाटकाच्या ओढीमुळे अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. सुरुवातीच्या काळात त्यांनी नाटक मंडळ्यांना पदे रचून दिली व ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ ही स्वतःची मंडळीही काढली. तिचा जम बसला नाही. त्यानंतर त्यांनी बेळगाव येथे शिक्षकाची व पुढे सरकारी कचेरीत नोकरी केली. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल हे बेळगावातील त्यांचे विद्यार्थी होते. या काळात त्यांनी ‘श्रीशंकरदिग्विजय’ हे गद्य नाटक लिहिले.

संगीत शाकुंतल

१८८० साली पुण्यात एका पारशी मंडळीने केलेला ‘इंद्रसभा’चा प्रयोग किर्लोस्करांच्या पाहण्यात आला. लखनौचे कवी अमानत यांच्या या उर्दू नाटकात पऱ्या व देव गाण्यांतून बोलतात. मराठीतही असे नाटक व्हावे, या विचाराने त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ हाती घेतले. त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातील आनंदोद्भव नाट्यगृहात झाला.

या नाटकात दोन गोष्टी नव्या होत्या. सूत्रधाराकडील गाणे पात्रांच्या तोंडी आले आणि गद्य संवाद नाटककाराने आधीच लिहून ठेवले. यामुळे गाणे हे पात्राच्या मनःस्थितीचा भाग बनले.

चालींची योजना

किर्लोस्करांनी बहुतेक पदांसाठी प्रचलित चाली घेतल्या. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही कीर्तन-आख्यानांतील वृत्ते, लावण्या, स्त्रीगीते आणि कानडी पदे हे त्यांचे मुख्य आधार होते. छापील संहितेत पदाच्या वर मूळ गाण्याचे आरंभीचे शब्द देऊन ‘चाल’ नोंदविण्याची पद्धत होती. त्यामुळे दुसऱ्या गावच्या नटालाही ते पद सहज बसविता येई. ओळखीची चाल असल्याने श्रोत्याचे लक्ष नव्या शब्दांकडे जाई व कथा अडून राहत नसे. मोरोबा वाघोलीकर व बाळकोबा नाटेकर या गायक नटांमुळे या पदांना लोकप्रियता लाभली.

संगीत सौभद्र

‘संगीत सौभद्र’ या नाटकाच्या पहिल्या तीन अंकांचा प्रयोग १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात झाला आणि पुढील वर्षी संपूर्ण नाटक रंगभूमीवर आले. महाभारतातील सुभद्राहरणाच्या कथेला किर्लोस्करांनी घरगुती रूप दिले. बलरामाने सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरविलेला असतो, तर तिचे मन अर्जुनावर जडलेले असते. कृष्णाच्या योजनेनुसार घटोत्कच हा राक्षस सुभद्रेला उचलून नेतो आणि अरण्यात तिची व अर्जुनाची गाठ पडते. ‘इंद्रसभा’तही काळा देव झोपलेल्या राजपुत्राला उचलून परीकडे नेतो, हे साम्य लक्षणीय आहे.

जुन्या खेळांतील राक्षस नायकाशी लढून मरण्यासाठी येत असे; ‘सौभद्र’मधील राक्षस प्रेमिकांची भेट घडवून आणतो. भयानक रसाचे हे हास्य व शृंगार यांत झालेले रूपांतर हा किर्लोस्करांच्या नाट्यरचनेचा विशेष आहे. बडोद्याहून मंडळीत आलेले भाऊराव कोल्हटकर यांनी सुभद्रेची भूमिका केली आणि त्यांच्या गायनाने नाटकाची कीर्ती वाढली.

अखेर

‘रामराज्यवियोग’ या तिसऱ्या संगीत नाटकाच्या तीन अंकांचा प्रयोग १८८४ मध्ये झाला. ते पूर्ण होण्यापूर्वीच, वयाच्या ४२ व्या वर्षी, किर्लोस्करांचे गुर्लहोसूर येथे निधन झाले. त्यांनी संगीत नाटके लिहिली ती जेमतेम पाच वर्षे.

प्रभाव

किर्लोस्करांनंतर त्यांची मंडळी सहकाऱ्यांनी चालू ठेवली. १९०५ मध्ये बालगंधर्व याच मंडळीत दाखल झाले. प्रचलित चालींवर पदे बांधण्याची रीतही टिकली, मात्र चालींचे स्रोत बदलत गेले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीवरील चाली घेतल्या, तर १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांनी हिंदुस्थानी रागसंगीतातील बंदिशी व ठुमऱ्यांचा आधार घेतला. पुढे गायनाचा विस्तार वाढून कथानक मागे पडू लागले, तेव्हा पद आणि प्रसंग यांचा मेळ कसा असावा याचा नमुना म्हणून ‘सौभद्र’कडे पाहिले गेले. या नाटकाचे प्रयोग आजही होतात.