हरवलेल्या वस्तुमानाचा हिशेब

ऊर्जा आणि वस्तुमान ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत आणि प्रकाशाच्या वेगाचा वर्ग हा त्यांना जोडणारा दुवा आहे, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ साली दाखवून दिले. या नात्याच्या आधारे युरेनियमच्या विखंडनाचे कोडे सोडवणाऱ्या लीझ माइटनर यांचे नाव मात्र त्या मानाने कमीच घेतले जाते.

माइटनर यांचा जन्म १८७८ साली व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला. मुलींना विद्यापीठाची दारे नुकतीच उघडली होती. १९०६ साली त्यांनी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्याच वर्षी त्या बर्लिनला गेल्या. तेथील रसायनशास्त्र संस्थेत स्त्रियांना मज्जाव असल्याने त्यांच्या वाट्याला आली ती तळघरातील सुतारकामाची जुनी खोली. तेथे रसायनशास्त्रज्ञ ऑटो हान यांच्याबरोबर सुरू झालेले संशोधन तीन दशके चालले. १९०९ साली साल्झबर्ग येथे त्यांनी आइन्स्टाइन यांचे व्याख्यान ऐकले. ऊर्जा व वस्तुमान यांचे ते नाते त्यांच्या मनात कायमचे कोरले गेले.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि माइटनर यांचे परदेशी नागरिकत्वाचे कवच नाहीसे झाले. जुलैमध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांनी जवळपास रिकाम्या हाताने जर्मनी सोडली व स्वीडन गाठले. डिसेंबरमध्ये हान यांचे पत्र आले. न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियममध्ये त्यांना व फ्रिट्झ स्ट्रासमान यांना बेरियम आढळले होते. युरेनियमच्या निम्म्याहून थोडेच जड असलेले हे मूलद्रव्य आले कोठून, हे त्यांना उमगत नव्हते.

नाताळच्या सुटीत कुंगेल्व या गावी माइटनर आणि त्यांचे भाचे ऑटो फ्रिश यांनी बर्फात फिरता फिरता याचा विचार केला. थेंब दुभंगावा तसा अणुगर्भ दुभंगत असावा. दोन्ही तुकड्यांचे एकत्रित वस्तुमान मूळ वस्तुमानापेक्षा प्रोटॉनच्या सुमारे एकपंचमांशाने कमी भरत होते. ही तूट प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने गुणली असता उत्तर आले सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. तुकडे एकमेकांना दूर ढकलण्यास लागणारी ऊर्जाही तेवढीच होती. कोळशातील कार्बनचा एक अणू जळताना जेमतेम ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते, हे लक्षात घेतल्यास या आकड्याचा अर्थ कळतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. त्याचा वर्ग इतका प्रचंड की, एक ग्रॅम वस्तुमानाचे संपूर्ण रूपांतर झाल्यास सुमारे अडीच कोटी युनिट वीज मिळावी.

फेब्रुवारी १९३९ मध्ये हे स्पष्टीकरण 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. या शोधासाठीचे रसायनशास्त्राचे १९४४ चे नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळाले. अणुबाँबच्या कामाचे निमंत्रण माइटनर यांनी ठामपणे नाकारले होते. १९६८ साली केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. १९९७ साली १०९ व्या मूलद्रव्याला 'माइटनेरियम' हे नाव अधिकृतपणे देण्यात आले, तेव्हा त्यांच्या मृत्यूला २९ वर्षे होत आली होती.